इसब: आंघोळीनंतरची तीन मिनिटं आणि बाकीचं

प्रश्न जालन्याहून आला आहे. थोडक्यात असा: मुलगा ७ वर्षांचा. गुडघ्यांच्या मागे आणि कोपरांच्या आतल्या बाजूला इसब आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत जोर असतो, रात्री झोपेत ओरबाडून रक्त काढतो. सासूबाईंनी अंडी, वांगं, दही, शेंगदाणे बंद केलेत. मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावली की चार दिवसांत जातं, पंधरा दिवसांत परत येतं. घरच्या घरी, रोजच्या सवयींत काय बदलावं? आणि शेवटी एक ओळ: "माझ्याही हातांना भेगा पडतात, पण ते राहू द्या."

ते राहू देणार नाही. पण आधी मुलाचं बघू.

मी २२ वर्षं त्वचारोगांची प्रॅक्टिस करते आहे. आधी सरकारी रुग्णालयात, आता मराठवाड्यातच. इसबाचा पेशंट समोर बसला की माझा निम्मा वेळ चालू असलेल्या गोष्टी बंद करायला सांगण्यात जातो. कडुनिंबाचा पाला घालून उकळलेलं पाणी, त्यात अँटिसेप्टिकचं झाकणभर औषध, डाळीच्या पिठाने घासणं, वर लिंबू, वर हळद, कुणी सांगितलं म्हणून बिब्बा. बिब्ब्याने भाजलेली कातडी मी इतक्या वेळा पाहिली आहे की त्याचं नाव घेतलं तरी मला चिडायला होतं. तो रस कातडी जाळतो, फोड आणतो, काळे डाग मागे ठेवतो. इसबावर बिब्बा, चुना, लसूण यांपैकी काहीही लावू नका. एवढं बंद केल्यावर अर्धं काम होतं, असं मी अतिशयोक्ती न करता सांगू शकते.

त्याआधीची एक खात्री. हे नक्की इसबच आहे ना? घरात आणखी कुणाला रात्री खाज सुटते का, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती पुरळ आहे का, हे बघा. असेल तर ती बहुधा खरूज आहे. तिचं औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं असतं. एकट्या मुलाला कितीही क्रीम लावलं तरी उपयोग नाही. दुसरा घोटाळा नायट्याचा, म्हणजे गजकर्णाचा. त्यात कडा उठलेल्या, गोलाकार आणि मध्ये जरा साफ झालेलं असतं, आणि ते सहसा एकाच बाजूला सुरू होतं. तुमच्या मुलाचं दोन्ही गुडघ्यांमागे, दोन्ही कोपरांत, सारखं सारखं येतं. वय आणि जागा दोन्ही इसबाच्या बाजूने बोलतात. घरात कुणाला दमा किंवा सकाळी सटासट शिंका येणारी सर्दी आहे का हेही आठवून बघा. ही तिघं भावंडं आहेत, बऱ्याचदा एकाच घरात सापडतात.

आता इसब म्हणजे नेमकं काय बिघडलेलं असतं ते सांगते, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. कातडीचा सगळ्यात वरचा थर शेणाने सारवलेल्या जमिनीसारखा असतो. चांगला सारवला असेल तर आतली ओल आत राहते आणि बाहेरची धूळ बाहेर. या मुलांमध्ये सारवण मुळातच पातळ असतं. २००६ साली असं सापडलं की यातल्या बऱ्याच रुग्णांमध्ये फिलाग्रिन नावाचं प्रथिन बनवणाऱ्या जनुकात दोष असतो. हे प्रथिन त्या थराला घट्टपणा आणि ओलावा देतं. म्हणजे दोष रक्तात नाही, पोटात नाही, "उष्णता बाहेर पडते आहे" असंही नाही. भिंतीतून पाणी झिरपतं आहे. त्या फटींतून साबण, धूळ, घाम, जंतू आत जातात, शरीर चिडतं, लाली येते, खाज येते. खाजवलं की सारवण आणखी उखडतं. हे चक्र.

म्हणून रोजचं काम एकच: सारवत राहणं. आणि त्याची सगळ्यात चांगली वेळ आंघोळीनंतरची असते.

आंघोळ रोज घातली तरी चालते. धूळ आणि घाम जायलाच हवा. पाणी कोमट. तुमच्या कोपराला गरम लागलं तर ते त्याच्यासाठी फार गरम आहे. वाफाळत्या पाण्याने खाज दोन मिनिटं थांबते, मुलाला बरं वाटतं, आणि अर्ध्या तासाने दुप्पट खाज येते. थंडीत जालन्यात बादलीभर कढत पाणी अंगावर घ्यायचा मोह कुणाला होत नाही? पण तिथेच घोटाळा आहे. पाच ते दहा मिनिटांत आंघोळ उरका. आपला नेहमीचा साबण अल्कलीयुक्त असतो, त्याचा पीएच (आम्ल-अल्कली मोजण्याचा आकडा) ९ ते १० च्या आसपास जातो. कातडीचा ५ च्या जवळ. त्यामुळे साबण फक्त काखा, जांघा, पाय आणि जिथे खरोखर मळ आहे तिथे. त्यासाठीही बिनवासाचा सिंडेट बार, म्हणजे साबणासारखीच पण अल्कली नसलेली वडी, मिळाला तर उत्तम. काथ्या, घासणी, प्युमिसचा दगड नको. डाळीचं पीठ आणि उटणंही नको. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला उटणं लावून, चोळून, कढत पाण्याने न्हाऊ घातलेली मुलं भाऊबीजेनंतर माझ्याकडे येतात, दरवर्षी. दिवाळीपासून वाढतं असं तुम्ही लिहिलंत त्यात हवेचा वाटा मोठा आहे, पण उटण्याचाही हात असेल. सणाचा मान राखायचा तर तळहाताला बोटभर उटणं लावा आणि धुऊन टाका.

मग टॉवेल. पुसायचं नाही, टिपायचं. अंग अजून दमट असतानाच, न्हाणीघरातून बाहेर यायच्या आत, मॉइश्चरायझर लावायचं. तीन मिनिटं धरा. कातडी कोरडी ठणठणीत झाल्यावर लावलं तर नुसता तेलकटपणा येतो, आत कोंडायला पाणीच उरलेलं नसतं. आपल्याकडे पद्धत नेमकी उलटी आहे: आधी तेल चोळायचं, मग साबणाने ते खसाखसा धुवायचं. अभ्यंगाचा आनंद मला मान्य आहे, पण इसबाच्या मुलासाठी क्रम फिरवा. आधी पाणी, मग तेल.

कोणतं लावायचं, हा प्रश्न मला दिवसातून दहा वेळा विचारला जातो. ब्रिटनमध्ये ५५० मुलांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२२ साली आले. लोशन, क्रीम, जेल आणि मलम, चार प्रकार ताडून पाहिले. इसब आटोक्यात ठेवण्यात चौघांत फरक आढळला नाही. याचा माझ्यापुरता अर्थ असा की मूल जे लावून घेतं आणि तुमच्या खिशाला जे परवडतं ते सगळ्यात चांगलं. साधी पांढरी, बिनवासाची पेट्रोलियम जेली स्वस्त आहे आणि ओल उत्तम कोंडते. चिकट वाटते, म्हणून ती रात्री; सकाळी शाळेत जाताना हलकं क्रीम. घाण्याचं किंवा व्हर्जिन खोबरेल चालतं, त्यावर लहान मुलांत चांगले अभ्यासही आहेत. मोहरीचं तेल नको, ते झोंबतं. ऑलिव्ह तेल महाग आहे म्हणून चांगलं असेल असं समजू नका. ते कातडीचा थर आणखी कमकुवत करतं असं दिसलं आहे. बाटलीवर "हर्बल", "केशर-चंदन" असं काही असेल आणि उघडल्यावर दुकानभर वास पसरत असेल, तर ते पाहुण्यांसाठी ठेवा.

कोणतं यापेक्षा किती, हे जास्त महत्त्वाचं. ब्रिटिश मार्गदर्शक तत्त्वांत इसबाच्या मुलासाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम मॉइश्चरायझर सांगितलं आहे. आपल्याकडे ५० ग्रॅमची ट्यूब आणतात आणि ती महिनाभर पुरवतात, देवाला गंध लावावं तसं. इतकं किलोच्या हिशेबात आपल्याकडे कुणी लावत नाही, मीही आग्रह धरत नाही. पण महिन्याला अर्धा किलोचा डबा संपला पाहिजे, असं मी सांगते. म्हणूनच स्वस्त वस्तू निवडा. दिवसातून किमान दोनदा, पूर्ण अंगाला. फक्त लाल झालेल्या जागी नाही. केसांच्या दिशेने, वरून खाली, न चोळता. डब्यात बोटं बुडवू नका, स्वच्छ चमच्याने काढा, नाहीतर डब्यातच जंतूंचं घर होतं.

आणि एक इशारा, जो आपल्याकडे जवळजवळ कुणीच देत नाही. पेट्रोलियम जेली, पॅराफिन, तेल, क्रीम हे कपड्यांत, चादरीत मुरतं आणि असं कापड पेट घेतलं तर आग झपाट्याने पसरते. कपडे धुतले तरी ते पूर्ण निघतंच असं नाही. तेव्हा जेली लावलेला मुलगा समई-निरांजनाजवळ, गॅसजवळ नको, आणि फटाक्यांच्या रात्री त्याला आधी कधीच जेली न लागलेले सुती कपडे घाला.

पैसे कुठे घालवू नयेत हेही सांगते. जालन्यात बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं असतं, आणि जड पाण्याच्या भागात इसब जास्त दिसतं ही गोष्ट खरी. म्हणून पाणी मृदू करणारं यंत्र बसवा असं सांगायला कुणी ना कुणी येईल. ब्रिटनमध्ये ३३६ मुलांच्या घरांवर हाच प्रयोग झाला. २०११ साली निकाल आला, यंत्राने इसबात फरक पडला नाही. आंघोळीच्या पाण्यात टाकायची खास तेलं २०१८ साली ४८२ मुलांत तपासली, नेहमीच्या काळजीत त्यांनी भर घातली नाही. खास रेशमी कपड्यांचंही तेच झालं, २०१७ साली. यंत्राच्या पैशांत तुमच्या मुलाला किती वर्षांची जेली येईल, हिशेब करून बघा.

खाजेबद्दल. "खाजवू नकोस" हे वाक्य घरातून हद्दपार करा. त्याने खाज थांबत नाही, मूल फक्त लपून खाजवायला शिकतं. हाताला काम द्या: खाजवायच्या ऐवजी तळहाताने दाबून धर, किंवा त्या जागी फ्रिजमधल्या पाण्यात पिळलेला सुती रुमाल पाच मिनिटं ठेव, मग वर क्रीम. क्रीमचा डबा फ्रिजमध्ये ठेवला तर उन्हाळ्यात ते लावतानाच खाज निवते. नखं आठवड्यातून दोनदा कापा आणि कानशीने गुळगुळीत करा. रात्री सुती मोजे हातांत घालून झोपवा. सात वर्षांच्या मुलाला "बॉक्सर" म्हणून पटतं, माझा अनुभव आहे. रात्रीची खाज गरम गोधडीत जास्त वाढते. जालन्याच्या थंडीत पांघरूण हवंच, पण लोकरीची घोंगडी अंगाला लागू देऊ नका. आत सुती चादर, बाहेर हवं ते. अंथरूण-उशीचे अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाका. धुळीतले किडे पूर्ण जात नाहीत, तरी एवढं पुरे. घरभर गालिचे नसतातच आपल्याकडे.

झोपेचं मात्र हलक्यात घेऊ नका. रात्री चार वेळा उठणारं मूल वर्गात पेंगतं, चिडतं, आणि मग "अभ्यासात लक्ष नाही" म्हणून बोलणी खातं. शिक्षकांना एकदा भेटून सांगा की हा आजार संसर्गजन्य नाही, त्याला वेगळं बसवू नका, पंख्याजवळची जागा द्या.

आता पथ्य. इथे माझं सासूबाईंशी भांडण आहे, पण प्रेमाने. त्यांना हे असंच्या असं वाचून दाखवा: आजी, अंडं खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत नातवाच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, उलटी झाली किंवा धाप लागली, असं कधी झालं आहे का? झालं असेल तर ती अ‍ॅलर्जी आहे, तुमचं बरोबर आहे, आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ते पुन्हा देऊ नका. पण तसं कधी झालं नसेल, आणि तो हे पदार्थ पूर्वी बिनधास्त खात होता, तर चार पदार्थ बंद करून कातडीतली फट बुजणार नाही. इसब मुळातच वर-खाली होत राहतं. बंद केल्यावर कमी झालं तर श्रेय पथ्याला जातं, वाढलं तर "चोरून खाल्लं असेल". वाढत्या वयात अंडी, दही, शेंगदाणे काढून घेतले की हाडं आणि वजन मागे पडतं. अशी हडकुळी झालेली, आणि इसब जसंच्या तसं असलेली मुलं मी पाहते. रक्ताच्या मोठमोठ्या अ‍ॅलर्जी टेस्टही मी स्वतःहून लिहून देत नाही. इसबाच्या मुलांत त्या वीस-वीस पदार्थांना "पॉझिटिव्ह" येतात आणि आई रडत घरी जाते. अंगावर न उठणारा पदार्थ कागदावर उठला म्हणून सोडायचा नसतो.

शेंगदाण्याबद्दल तर उलटंच निघालं आहे. २०१५ साली ब्रिटनमधल्या एका अभ्यासात, तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या ६४० बाळांपैकी अर्ध्यांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले आणि अर्ध्यांना टाळायला सांगितले. पाच वर्षांचे होईपर्यंत शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी टाळणाऱ्यांत कितीतरी जास्त झाली. धाकटं बाळ घरात येणार असेल आणि त्यालाही इसब दिसलं तर डॉक्टरांना विचारून बारीक कुटाची पेज लवकर सुरू करा. अख्खा दाणा नको, घशात अडकतो.

हवामानाचं थोडक्यात. थंडीत कोरड्या वाऱ्यात जेली वाढवा. उन्हाळ्यात घामाने खाज येते, तेव्हा जेली कमी करून हलकं लोशन, आणि खेळून आल्यावर नुसत्या पाण्याने अंग धुऊन लगेच लोशन. जाड जेलीवर घामोळं येतं. कूलरची दमट हवा या मुलांना मानवते, एसीची कोरडी हवा फारशी नाही. कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट हवेत हे गणित बदलतं, तिथे घाम हाच मुख्य शत्रू. कपडे सुती, सैल, मानेचं लेबल कापलेलं, नवे कपडे एकदा धुऊन. धुण्याची पावडर कपड्यांत तशीच राहू देऊ नका, खळबळताना एक पाणी जास्त काढा.

मेडिकलच्या ट्यूबकडे येते. चार दिवसांत जातं आणि पंधरा दिवसांत येतं, यावरून मला ती कोणती असेल याचा अंदाज आहे. पाठीमागची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल किंवा बेटामेथासोन (ही दोन्ही जोरदार स्टिरॉइडं), सोबत एक बुरशीचं आणि एक जंतूंचं औषध असं असेल तर आजच बाजूला ठेवा. लहान मुलाच्या गुडघ्यामागच्या पातळ कातडीवर क्लोबेटासॉल वारंवार लावलं की कातडी कागदासारखी होते, पांढरे चरे पडतात, आणि नायटा असेल तर तो ओळखू येणार नाही इतका पसरतो. ही स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असं २०१८ पासून नियमांतही आहे. दुकानात काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे.

पण याचा अर्थ स्टिरॉइड म्हणजे विष असा घेऊ नका. दुसऱ्या टोकाचे पालकही मला रोज भेटतात. योग्य मलम असूनही टिपकाभर लावतात, म्हणून आग कधी विझतच नाही. डॉक्टरांनी मुलाच्या वयाला आणि जागेला साजेसं सौम्य मलम दिलं तर ते पुरेसं लावा. माप सोपं आहे: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि तेवढ्यात मोठ्या माणसाच्या दोन पंजांइतकी जागा भरते. लाली आणि खडबडीतपणा पूर्ण जाईपर्यंत रोज एकदा, मग सारखं-सारखं परत येणाऱ्या जागी आठवड्यातून फक्त दोन दिवस असं काही आठवडे, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. बंद केलं की पंधरा दिवसांत का येतं, याचं उत्तर बहुधा याच मधल्या टप्प्यात असतं: वरून दिसेनासं झालं म्हणजे आतलं विझलेलं नसतं.

घरी थांबायचं नाही अशा दोन वेळा. जागा ओली होऊन पिवळसर मधासारखी खपली धरली, दुखू लागली, मुलाला ताप आला, तर जंतुसंसर्ग आहे. आणि एकाच आकाराचे, टोचून कोरल्यासारखे बारीक फोड झपाट्याने उठले, मूल तापाने मलूल झालं, तर त्याच दिवशी रुग्णालयात; ओठावर तापाचे फोड आणणारा विषाणू, हर्पिस (नागिणीच्या विषाणूचं भावंड), इसबाच्या कातडीत असा पसरतो. घरात कुणाच्या ओठावर तापाचे फोड असतील तर तोवर त्याने मुलाचे पापे घेऊ नयेत.

आता तुमचे हात, ताई. भेगा कोणत्या बोटांना आहेत? डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, टोकांना, असं असेल तर लसूण पकडून सोलता-चिरता ती हीच बोटं. दोन महिने सोललेला लसूण कुणाकडून तरी करून घ्या, किंवा पातळ प्लास्टिकची पिशवी बोटांवर चढवून चिरा, आणि फरक बघा. पंजाच्या मागे आणि अंगठीखाली लाली असेल तर भांड्यांचा साबण आहे. अंगठीच्या आत तो साठून राहतो, कामाला बसताना ती काढून ठेवा. रबरी हातमोजे घाला, पण आत सुती मोजे घालून, कारण नुसत्या रबरात हात घामेजतात आणि आणखी बिघडतं. प्रत्येक वेळी हात धुतल्यावर चिमूटभर जेली, आणि रात्री जाड थर लावून त्यावर मुलाचेच मोजे. दोघं मिळून बॉक्सर व्हा.

महिनाभरात भेगा भरल्या नाहीत तर पॅच टेस्ट, म्हणजे कातडीला कशाची अ‍ॅलर्जी आहे ते शोधणारी चाचणी, करून घ्या. पाठीवर पट्ट्या लावून ४८ तास ठेवतात, तेवढे दिवस पाठ भिजवता येत नाही. म्हणून ऐन उन्हाळ्यात नको. घामाने पट्ट्या सुटतात. थंडीतली तारीख घ्या, आणि तुमचं भांड्यांचं साबण-पावडर काय आहे ते पाकिटासकट सोबत न्या.